शिमोकिताझावा: रुळांच्या जागेवरची छोटी दुकानं, कॉफी आणि निवांत दुपार

रानजाई

तोक्योला येणाऱ्या आपल्या मंडळींच्या याद्या साधारण सारख्याच असतात. शिबुयाचा चौक, आसाकुसाचं देऊळ, स्कायट्री, आणि खरेदीला गिन्झा नाहीतर मोठी डिस्काउंट दुकानं. त्यात गैर काही नाही. पण "एकच दुपार मोकळी आहे, थोडी खरेदी, थोडं खाणं, आणि गर्दी नको" असं कुणी म्हटलं की मी डोळे झाकून शिमोकिताझावा सांगते. आणि तिथेही स्टेशनसमोरच्या जुन्या कपड्यांच्या गल्ल्यांआधी बोनस ट्रॅक, म्हणजे जुन्या रुळांच्या जागेवरचं छोट्या दुकानांचं केंद्र. त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

शिमोकिताझावा शिबुयाहून इनोकाशिरा लाइनने आणि शिंजुकूहून ओदाक्यू लाइनने दहा मिनिटांच्या आत येतं. ओदाक्यूचे रूळ पूर्वी गावाच्या मधोमध जमिनीवरून जायचे. गाड्या इतक्या, की सकाळी फाटक उघडायचंच नाही. मग हिगाशी-किताझावा, शिमोकिताझावा आणि सेतागाया-दाइता ही तिन्ही स्टेशनं २०१३ च्या मार्चमध्ये जमिनीखाली गेली आणि त्या पट्ट्यातली नऊ फाटकं कायमची गेली. वर उरली साधारण १.७ किलोमीटर लांबीची, चिंचोळी, मोकळी जमीन. तोक्योत अशी जमीन म्हणजे सोनं. तिथे टॉवर उभा करायचा मोह कुणालाही झाला असता. ओदाक्यू रेल्वे कंपनीने तिथे दुकानं, पाळणाघर, हॉटेलं, झाडं आणि पायवाट असं तुकड्या-तुकड्यांनी केलं. २०२२ मध्ये सगळा पट्टा पूर्ण झाला.

त्यातला दाइताच्या बाजूचा तुकडा म्हणजे बोनस ट्रॅक. मधे अंगण, भोवती दुमजली इमारती, खाली दुकान आणि वर राहायची खोली. आपल्या वाड्याच्या चौकात उभं राहिल्यावर जसं सगळ्यांचं दार दिसतं, तसं इथे दिसतं. छपराच्या पुढे आलेल्या भागाखाली बाकं, बाकांवर कुणी लॅपटॉप घेऊन, कुणी बाळाला घेऊन. कुठूनही घेतलेलं खाणं अंगणात बसून खाता येतं, हे मला सगळ्यात आवडतं. चौघांना चार वेगळ्या गोष्टी हव्या असल्या तरी सगळे एकत्र बसतात.

दुकानांपैकी तीन सांगते. पहिलं 'बुक अँड बीअर', पाटीवर नुसतं बी अँड बी. २०१२ मध्ये याच गावात सुरू झालेलं पुस्तकांचं दुकान, नंतर इथे आलं. नावाप्रमाणे पुस्तक चाळता चाळता बीअर घेता येते, आणि जवळजवळ रोज संध्याकाळी लेखकांच्या गप्पांचा कार्यक्रम असतो. पुस्तकं विकून पुरेसं सुटत नाही, म्हणून कार्यक्रम आणि बीअर हा धंद्याचा भागच, हे त्यांनी पहिल्यापासून उघड सांगितलंय.

दुसरं 'निक्कीया त्सुकिहि'. हे फक्त रोजनिशींचं दुकान आहे. कोरे वह्या-कागद नव्हेत, लिहिलेल्या, छापलेल्या रोजनिशी. प्रसिद्ध लेखकांच्या आहेतच, पण साध्या माणसांनी स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पातळ पुस्तिकाही आहेत. कुणी आजारपणाचे दिवस लिहिलेत, कुणी नुसतं काय खाल्लं ते. जागा इतकी लहान की दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं. खिडकीतून कॉफी मिळते. जपानी येत नसेल तरी एखादी पुस्तिका हातात घेऊन बघा. कागद, शिवण, मुखपृष्ठ, सगळ्यावर करणाऱ्याचा हात दिसतो.

तिसरं 'हाक्को डिपार्टमेंट'. आंबवलेल्या पदार्थांचं दुकान आणि खानावळ. जपानच्या निरनिराळ्या भागांतले मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा), शोयू (सोया सॉस), व्हिनेगर, लोणची. तांदळाचा मिसो, सातूचा मिसो, नुसत्या सोयाबीनचा जवळजवळ काळा मिसो, असे शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि विचारलं की फरक समजावून सांगतात. भारतात न्यायला मिसो ही फार चांगली वस्तू आहे. टिकतो, आणि एक डबा महिनोन्महिने पुरतो.

खादाडी, जवळचं इतर काही, कुणाला प्रश्न असतील तर विचारा. इतरांनीही आपापल्या आवडीच्या अशा छोट्या जागा लिहा.

चाफेकळी

मस्त धागा! रोजनिशीच्या दुकानाची कल्पना फार आवडली. पण मला एक कळत नाही, तोक्योत एवढ्या मोक्याच्या ठिकाणी रोजनिशी विकून भाडं कसं निघतं?

रानजाई

चाफेकळी, खरी मेख तिथेच आहे. ही जागा छोटी आहे ती भाडं परवडावं म्हणून मुद्दाम छोटी ठेवली आहे. बोनस ट्रॅक आखताना त्यांनी उलटं गणित मांडलं. स्वतःचा धंदा पहिल्यांदा सुरू करणाऱ्या माणसाला महिन्याला किती झेपेल, ते आधी ठरवलं. खाली पाच त्सुबो दुकान, वर पाच त्सुबो खोली, म्हणजे सगळं मिळून साधारण साडेतीनशे चौरस फूट, आणि भाडं दीड लाख येनच्या आसपास. दुकान आणि घर एकाच भाड्यात. म्हणून तिथे साखळीतली दुकानं नाहीत, आणि गल्ल्यावर उभा असलेला माणूस बहुतेकदा मालकच असतो.

नगररचना

व्यवसायाने आर्किटेक्ट आहे, म्हणून थोडी भर घालतो. 'दुकान खाली, घर वर' यामागे कायदाही आहे. ही जमीन बऱ्याच अंशी 'पहिल्या प्रतीचा कमी उंचीचा निवासी भाग' या वर्गात मोडते. जपानच्या झोनिंगमध्ये हा सगळ्यात कडक वर्ग. इथे स्वतंत्र दुकान बांधायला परवानगी नसते. घराला जोडून दुकान चालतं, पण ते ५० चौरस मीटरच्या आत हवं आणि एकूण बांधकामाच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. तोक्योतल्या जुन्या वस्त्यांत घराच्या खाली न्हावी, इस्त्रीवाला, टोफूवाला दिसतो तो याच तरतुदीमुळे. बोनस ट्रॅकची रचना करणाऱ्या त्सुबामे आर्किटेक्ट्सनी तीच जुनी पद्धत नव्या बांधकामात आणली.

त्यांची आणखी एक गोष्ट मला शिकण्यासारखी वाटली. सहसा अशा केंद्रात भाडेकरूने पाटी कुठे लावायची, रंग कुठला, याचे जाडजूड नियम असतात. इथे दुकानदारांना बाहेरच्या बाजूलाही हात लावायची मुभा दिली. कुणी ओटा पुढे काढला, कुणी खिडकीचं काउंटर केलं. म्हणून सगळ्या इमारती एका वेळी बांधलेल्या असूनही एका साच्यातल्या वाटत नाहीत. मी कॉलेजच्या मुलांना दाखवायला फोटो काढत होतो तेव्हा लक्षात आलं की दोन दुकानांचे दर्शनी भाग सारखे सापडतच नाहीत.

रानजाई

वा, धन्यवाद! झोनिंगचा मुद्दा इतका नेमका माहीत नव्हता. अजून एक सांगते. बोनस ट्रॅक उघडलं १ एप्रिल २०२० ला, आणि ७ एप्रिलला करोनामुळे तोक्योत आणीबाणी जाहीर झाली. नव्या केंद्रासाठी याहून वाईट आठवडा शोधून सापडला नसता. पण अंगण उघडं होतं, दुकानदार वरच किंवा जवळपास राहणारे होते, आणि घरून काम करणारे आजूबाजूचे लोक दुपारी पाय मोकळे करायला तिकडे यायला लागले. आजही तिथे पर्यटकांपेक्षा शेजारचे लोक जास्त दिसतात.

वाटसरू

लेख छान आहे, पण थोडी दुसरी बाजू मांडतो. मी २००० च्या दशकात तोक्योत शिकायला होतो आणि शिमोकिताला पडीक असायचो. स्टेशनच्या उत्तरेला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळ्या बाजारातून वाढलेलं अन्नबाजाराचं जुनं आवार होतं. पत्र्याचं छप्पर, खाली बोळ, एकेका बोळात चार स्टुलांचे बार. ते सगळं स्टेशनच्या कामात गेलं. आता तिथे मोकळा चौक आहे. गावात मोठा रस्ता काढायची योजनाही होती, १९४६ च्या आराखड्यातली, काही ठिकाणी २६ मीटर रुंद. ती २००३ मध्ये पुन्हा वर काढली तेव्हा रहिवासी, गायक-वादक, नाटकवाले सगळे रस्त्यावर उतरले, २००६ मध्ये कोर्टातही गेले. त्या सह्यांच्या मोहिमेत माझीही सही आहे.

आता सगळं पांढरं, लाकडी, देखणं झालंय. कॉफी सातशे येन. मला ते बघून आनंद होतो आणि पोटात तुटतंही. ज्या मित्राबरोबर मी तिथे बसायचो त्याचा बार गेला, आणि नव्या जागेचं भाडं त्याला झेपणारं नव्हतं.

रानजाई

वाटसरू, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. मी तो जुना बाजार पाहिलेला नाही, फोटोच पाहिलेत. जे गेलं ते बोनस ट्रॅकने भरून निघालं असं मी म्हणणार नाही. पण त्या आंदोलनाचा परिणाम काहीच झाला नाही असंही वाटत नाही. लोक इतकी वर्षं भांडले, म्हणूनच रुळांच्या जागेचं काय करायचं यावर सेतागाया वॉर्डाने रहिवाशांच्या बैठका घेतल्या. २०११ मध्ये त्या वॉर्डाचे महापौर झालेले होसाका नोबुतो त्या बाबतीत लोकांच्या बाजूने ऐकून घेणारे होते. ओदाक्यूही नंतर 'आम्ही गाव बदलणार नाही, गावाला हात देणार' अशी भाषा बोलायला लागली. भाषेपुरतं राहिलं नाही, याचं मला दिसणारं उदाहरण म्हणजे शिमोकिता एन्गेइ-बु. रहिवाशांचा बागकाम गट. त्या पूर्ण पट्ट्यातली झाडं तेच सांभाळतात. इतर ठिकाणी कंत्राटदार महिन्यातून एकदा येऊन झुडपं चौकोनी कापून जातो. इथे गवत, रानफुलं वाढू देतात, कापलेल्यातून चहाला चालणारी पानं वाळवतात, पाचोळ्याचं खत करतात. त्यांची छोटी चहाची टपरीही आहे, तिथला रानचहा आणि मध जरूर घ्या.

वाटसरू

बागकाम गटाचं माहीत नव्हतं. पुढच्या वेळी बघतो. आणि नाटकवाले अजून टिकून आहेत हे खरं. होंडा थिएटर १९८२ पासून तिथेच आहे, आणि त्याच मालकांची आणखी लहान लहान थिएटरं गावभर. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्या दारांत रांगा लागतात. जपानी येणाऱ्यांनी एक तरी प्रयोग बघावा.

तात्या_सातारकर

नमस्कार. आमचे चिरंजीव आणि सूनबाई निशि-कासाईला असतात. आम्ही दोघे नोव्हेंबरात जाणार आहोत. धागा वाचून इथे जावंसं वाटलं. दोन शंका. सौ. पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. आणि तिचे गुडघे दुखतात, फार जिने नकोत. जमेल का?

रानजाई

तात्याकाका, नमस्कार. जमेल, नक्की जा.

आधी रस्ता. निशि-कासाईहून तोझाइ लाइनने ओतेमाची, तिथे चियोदा लाइन पकडून योयोगी-उएहारा, आणि तिथून ओदाक्यू. ओतेमाचीला बदलताना चालणं बरंच आहे, काकूंना सावकाश न्या, लिफ्टच्या पाट्या बघत. योयोगी-उएहारानंतर लोकल घ्या आणि शिमोकिताझावाला न उतरता पुढच्या सेतागाया-दाइताला उतरा. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. दाइताहून बोनस ट्रॅक पाच-सात मिनिटं आणि वाट सपाट. तिथून शिमोकिताझावाकडे चालत आलात की परतीची गाडी तिकडून घेता येते, म्हणजे तीच वाट दोनदा नको. नोव्हेंबरात साडेचारला अंधारतं, त्यामुळे अकरा-साडेअकराला पोचा. त्याआधी बरीच दुकानं उघडलेली नसतात. हवा स्वच्छ असेल तर दाइता स्टेशनजवळच्या फुजिमीबाशी पुलावरून फुजी दिसतो. सकाळी जास्त शक्यता.

आता जेवण. काकूंसाठी खरी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. सूप, भाजी, सॉस, सगळ्याला वाळवलेल्या मासळीचा अर्क असतो, आणि "यात मांस नाही ना?" विचारलं तर ते प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात. म्हणून हे वाक्य कागदावर जपानीत लिहून सूनबाईंकडून घ्या: "निकु मो साकाना मो तामागो मो ताबेमासेन. साकाना नो दाशि मो ताबेमासेन." मांस, मासा, अंडं खात नाही, माशाचं दाशीही नाही. हाक्को डिपार्टमेंटसारख्या ठिकाणी कशात काय आहे हे त्यांना नीट माहीत असतं, शांतपणे सांगतात. तरी काकूंच्या पिशवीत दशमी-चटणी असू द्या. अंगणातल्या बाकावर बसून खाल्लं तर कुणी काही म्हणत नाही, फक्त शेजारच्या दुकानातून चहा-कॉफी काहीतरी घ्या. आणि कचऱ्याला एक रिकामी पिशवी. कचरापेटी शोधून सापडत नाही.

केशरीभात

तात्याकाका, मी वीगन आहे आणि तोक्योत राहते. शिमोकिता-दाइता भागात 'युनिव्हर्सल बेक्स' नावाची पूर्ण वीगन बेकरी आहे. दूध नाही, अंडं नाही. काकू बिनधास्त खाऊ शकतील. दुपारनंतर बरंच संपलेलं असतं, त्यामुळे आधी तिकडेच जा.

शिवाय शिमोकिता हे करीचं गाव म्हणून जपानभर प्रसिद्ध आहे. दर ऑक्टोबरात करी महोत्सव भरतो. पण आपल्या माणसांना सांगते, तिथली स्पाइस करी ही जपान्यांनी स्वतः घडवलेली वेगळी गोष्ट आहे. एका ताटात दोन-तीन रस्से, मधे भाताचा बांध, वर लोणची. त्यातही दाशी असू शकते, विचारूनच घ्या. मांस-मासे खाणाऱ्यांनी मात्र चुकवू नये.

सह्यभटक्या

आम्ही गेल्या हिवाळ्यात पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो होतो, हिगाशी-किताझावाकडे. तिथे रीलोड आहे, २०२१ मध्ये उघडलेलं. पांढऱ्या ठोकळ्यांसारख्या दोन मजली खोल्या, एकमेकींपासून थोड्या सरकवलेल्या, मधून उघडे बोळ आणि जिने. तात्याकाकांनी खालच्या मजल्यापुरतं बघावं. क्योतोच्या ओगावा कॉफीचं दुकान तिथे आहे, १९५२ पासूनची कंपनी. काउंटरवर बसून बिया निवडायच्या आणि तुमच्या समोर कॉफी गाळतात. गाळणाऱ्या मुलाने पाणी ओतायचं थांबवून फुगलेली भुकटी दाखवली, "ही ताजी असल्याची खूण" म्हणाला, आणि मगच पुढे ओतलं. बायको कॉफी पीत नाही, ती शेजारच्या लेखनसाहित्याच्या दुकानात रमली.

पाऊस असेल तर मिकान शिमोकिता बरं. इनोकाशिरा लाइनच्या पुलाखाली आहे, २०२२ चं. थाई, व्हिएतनामी, कोरियन खाणं, आणि वॉर्डाच्या वाचनालयाचं पुस्तकं घ्यायचं-द्यायचं काउंटरही तिथेच. खाऊगल्लीत वाचनालयाची खिडकी मी पहिल्यांदाच पाहिली.

नगररचना

रेल्वेच्या जागेवरचीच आणखी दोन ठिकाणं सुचवतो, कारण हा प्रकार जपानी लोक फार समजून करतात.

अकिहाबारा आणि ओकाचिमाचीच्या मधे जेआर रेल्वेच्या पुलाखाली '२के५४०' आहे, २०१० चं. तोक्यो स्टेशनपासून २ किलोमीटर ५४० मीटर, हेच त्याचं नाव. पांढरे गोल खांब, आणि खांबांमधे चामडं, लाकूड, काच, दागिने यांचं काम करणाऱ्यांची दुकानं. वर गाडी गेली की जमीन हलकी थरथरते आणि कारागिराचा हात चालूच असतो. ओकाचिमाची हा मुळात कारागिरांचा आणि दागिन्यांचा भाग. भारतीय जैन हिरे-मोतीवाले तिथे बरेच आहेत, त्यामुळे शाकाहारी भारतीय जेवणही आसपास सापडतं.

दुसरं कान्दा नावाच्या भागातलं मान्सेइबाशी. १९१२ मध्ये उघडलेलं आणि १९४३ मध्ये बंद झालेलं स्टेशन. लाल विटांच्या कमानींत २०१३ पासून दुकानं आणि नदीकाठची खाण्याची ठिकाणं आहेत. जुन्या पायऱ्या चढून वर गेलं की जिथे फलाट होता तिथे काचेची खोली, आणि दोन्ही बाजूंनी चुओ लाइनच्या गाड्या. रेल्वेवेड्या मुलांना तिथून हलवणं अवघड.

चाफेकळी

सगळ्यांचे प्रतिसाद जपून ठेवतेय! रानजाई, राहायचं असेल तर त्या भागात काही आहे का? हॉटेलांच्या गर्दीतून बाहेर राहावंसं वाटतंय.

रानजाई

आहे. सेतागाया-दाइता स्टेशनला लागूनच 'यूएन बेत्तेइ दाइता' नावाचं छोटं ऱ्योकान, म्हणजे जपानी पद्धतीचं उतरायचं ठिकाण आहे, २०२० पासून. त्याच्या न्हाणीला हाकोनेच्या आशिनोको भागातलं गरम झऱ्याचं पाणी गाडीने आणतात. ओदाक्यू लाइन हाकोनेच्या दिशेने जाते, त्यामुळे तो धागा जुळतो. स्वस्त नाही. नुसती आंघोळ आणि चहा असं दिवसाचं आरक्षणही असतं, पण आधी विचारून जा. कमी खर्चात हवं असेल तर रीलोडजवळ मस्टर्ड हॉटेल.

तात्या_सातारकर

रानजाई, केशरीभात, सर्वांचे मनःपूर्वक आभार. ते जपानी वाक्य सूनबाईंना पाठवलं. ती म्हणते बरोबर आहे, फक्त शेवटी "ओनेगाइ शिमासु" जोडा. एकच विचारतो, दुकानांत रोख चालते का? आमच्याकडे कार्ड चिरंजीवांचं, आणि ते त्या दिवशी ऑफिसात असणार.

रानजाई

सूनबाईंचं बरोबर आहे, जोडा. बहुतेक ठिकाणी रोख चालते, पण काही नवी दुकानं फक्त कार्ड किंवा फोनने पैसे घेतात, आणि तशी पाटी दारावर असते. सोपा उपाय म्हणजे दोघांची दोन सुइका कार्डं. स्टेशनवरच्या यंत्रात रोख भरून त्यांनी गाडीचं तिकीटही होतं आणि बऱ्याच दुकानांत कॉफीही. किमती करासकट लिहिलेल्या असतात. तिथेच बसून खाल्लं तर कर १० टक्के, बरोबर नेलं तर ८, म्हणून "इथेच की घेऊन जाणार?" असं विचारतात. टीप द्यायची नाही, सुटे पैसे ट्रेमध्ये ठेवायचे. दोन-तीन हजार येन खिशात, बाकी कार्डात. सोमवार-मंगळवार काही दुकानं बंद असतात, तेव्हा गुरुवार-शुक्रवार बघा.